सोमवारी उगवलेला चंद्र

“हा आकडा कमी होतोय की वाढतोय?” आईंनी समोरच्या छोट्या पडद्यावर बोट ठेवलं.

“कमी होतोय.”

“मग मघाशी वाढला कसा?”

“तो वेगाचा आकडा, आई. अंतराचा त्याच्या खाली आहे.”

माझ्या सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. निळ्या समुद्रावर एक पिवळं विमान होतं. जपान त्याच्या मागे गेला होता आणि पुढे पडदाभर पाणीच होतं.

“एवढ्या वेळात हे चित्र जागचं हललं नाही,” त्या म्हणाल्या.

“तासाला हजार किलोमीटरच्या वर चाललंय. वारा पाठीशी आहे.”

“असू दे बाई. वाऱ्याला म्हणावं, ढकल आणखी.”

दिल्लीच्या धुक्यानं विमान तासभर उशिरा सुटलं होतं आणि तो तास माझ्या डोक्यातून जात नव्हता. माझा धाकटा दीर श्रीरंग सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉस्पिटलात दाखल होता. लहानपणी आलेल्या एका तापानं त्याच्या हृदयाची झडप खराब झाली होती. इतकी वर्षं तिनं कसंबसं निभावलं आणि त्या डिसेंबरात एकाएकी तिचं काम थांबत आलं. झडप बदलायची होती. मंगळवारी सकाळी नऊला त्याला आत नेणार, असं त्याची बायको ऋजुता फोनवर म्हणाली होती. आईंचा आणि माझा व्हिसा त्यांच्या लग्नाच्या वेळचा, अजून चालू होता. ह्यांचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, त्यामुळे हे सांगलीतच अडकले. आम्ही दोघी निघालो. मंगळवारच्या पहाटे विमानात बसलो. श्रीरंग आत जाण्यापूर्वी आईंनी त्याला पाहावं, एवढ्यासाठी ही धावपळ होती.

विमान मीच निवडलं होतं. युरोपवरून पश्चिमेकडे जाणारा रस्ता अंतरानं कमी होता. हे विमान पूर्वेकडून, जपानवरून, अख्खा पॅसिफिक ओलांडून जाणार होतं. म्हणजे हजार-दीड हजार किलोमीटर जास्तच. पण हिवाळ्यात त्या बाजूला खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. विमान त्यात शिरलं की लांबचा रस्ता आधी संपतो. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि विचारलं, “लांबून गेलं की लवकर पोहोचतं? कॉलेजात पण हेच शिकवतेस का?”

“किती वाजता पोहोचायचं म्हणालीस?” आईंनी पुन्हा विचारलं.

“पहाटे उतरू. तिथून हॉस्पिटलला जाईपर्यंत साडेसात-आठ.”

“म्हणजे सकाळीच.” त्यांनी मान हलवली. “तो शुद्धीवर येईल तेव्हा मी समोर असले म्हणजे झालं.”

मी हो म्हटलं. नीट ऐकलं असतं तर मला तिथंच काहीतरी खटकायला हवं होतं.

त्या दिवशी संकष्टी होती, आणि मंगळवारी आलेली, म्हणजे अंगारकी. श्रीरंगला तो ताप आला तेव्हापासून आईंनी एकही संकष्टी सोडली नव्हती. दिवसभर चहा आणि एखादं फळ, चंद्र उगवला की गणपतीला नैवेद्य दाखवून जेवण. पुढे त्यांना मधुमेह झाला, गोळ्या सुरू झाल्या, तरी उपास चालूच राहिला. निघताना डॉक्टरांनी अर्धी गोळी द्यायला सांगितली होती आणि मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “फार ताणू देऊ नका. घाम आला, हात थरथरले, तर सरळ साखर द्या.”

आईंच्या मनगटावर सांगलीची वेळ होती. घरच्या कॅलेंडरात सांगलीचा चंद्रोदय रात्री नऊच्या सुमाराचा दिला होता, तेवढा त्यांनी पाठ करून ठेवला होता. नऊपर्यंत थांबायचं ठरवूनच त्या विमानात बसल्या होत्या. त्यांच्या घड्याळात तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि बाहेरचं ऊन उतरणीला लागलं होतं.

“आई, आज चंद्र लवकर उगवणार आहे.”

“किती लवकर?”

“तुमच्या घड्याळात दुपारी एकच्या आसपास.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “चतुर्थीचा चंद्र? भर दुपारी? काहीतरीच.”

“तुमच्या घड्याळात दुपार. खिडकीबाहेर तेव्हा रात्र असेल. आता तासाभरात सूर्य मावळेल बघा.”

“आत्ता तर उगवला.”

“आपण त्याच्या समोरून पळतोय ना. तो इकडून येतोय, आपण तिकडून. म्हणून दिवस निम्म्या वेळात संपतोय.”

“बरं आहे की. उपासाला सोयीचं.” मग म्हणाल्या, “पण हे चालतं का? की माझी साखर बघून तू आपलं सांगतेस?”

“तुम्ही डोळ्यांनी बघा आणि मगच सोडा. मी सांगते म्हणून सोडू नका.”

हे त्यांना पटलं. पावसाळ्यात ढग असले की सांगलीत सगळ्या बायका कॅलेंडरातली वेळ पाहून पानावर बसायच्या. आई मात्र गच्चीवर जाऊन निदान उजेडाचा डाग तरी दिसतो का ते पाहायच्या. न पाहता सोडलेला उपास त्यांना अर्धवट वाटायचा.

आता प्रश्न खिडकीचा होता. डिसेंबरातला कृष्ण चतुर्थीचा चंद्र नेमका पूर्वेला उगवत नाही, बराच उत्तरेकडे सरकून उगवतो. आमचं विमान जवळजवळ सरळ पूर्वेला चाललं होतं. म्हणजे तो डाव्या हाताला, पण बराच पुढे दिसणार. जागा सुदैवानं डावीकडच्याच होत्या. मी मधे, आई कडेला. खिडकीशी एक पंजाबी बाई शाल पांघरून झोपल्या होत्या आणि त्यांनी खिडकीची झडप खाली ओढून घेतली होती.

त्या जाग्या झाल्या तेव्हा बाहेर सूर्य मावळून गेला होता. मी हिंदीत माझी अडचण सांगितली. त्यांचं नाव भल्ला, युबा सिटीजवळ त्यांच्या मुलाच्या बदामांच्या बागा होत्या आणि त्या लुधियानाहून परत चालल्या होत्या.

“चाँद देखना है?” त्यांनी शाल आवरली. “करवा चौथ तो कब की निकल गई, बहनजी.”

“हमारा हर महिने होता है,” आई माझ्यावरून वाकून म्हणाल्या.

“हर महीने? पति के लिए?”

“नहीं नहीं. बेटे के लिए.”

“मैं तो साल में एक रखती हूँ,” भल्लाबाई म्हणाल्या, “और उसमें भी शाम के चार बजे से उनपर चिल्लाने लगती हूँ.”

आई हसल्या. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर आम्ही तिघी वाट बघत बसलो. दिवे मालवलेले होते, बहुतेक लोक झोपले होते. मी पडद्यावरचा नकाशा मोठा करून घेतला होता. एकशे ऐंशी रेखांश जवळ येत होता आणि मला त्याची फार उत्सुकता होती. वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेली रेघ मी पहिल्यांदाच ओलांडणार होते. ती आली आणि गेली. पिवळं विमान तसंच पुढे सरकत राहिलं.

आईंच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा मी पिशवीतून साखरेची पुडी काढली.

“थांब की जरा,” त्या म्हणाल्या.

“हात पुढे करा.”

“थरथरत नाहीत.”

“करा.”

त्यांनी हात पुढे केले. बोटांची टोकं किंचित हलत होती. मी पुडी फोडायच्या आत भल्लाबाईंनी माझं कोपर धरलं. “ये क्या है? कोई शहर है क्या नीचे?”

मी खिडकीला गाल टेकवला. पुढे, विमानाच्या नाकाच्या जरा डावीकडे, ढगांच्या कडेला तांबूस उजेड पसरला होता. पॅसिफिकच्या मध्यावर कुठलं शहर असणार? बघता बघता त्या उजेडातून एक चपटा, लालसर तुकडा वर आला. एवढ्या उंचीवरून क्षितिज खाली गेलेलं असतं, त्यामुळे तो आमच्यापेक्षाही खाली असल्यासारखा दिसत होता. अंड्यासारखा दबलेला, एका बाजूनं झिजलेला.

“आई, या.”

भल्लाबाई उठून बाहेर आल्या आणि आईंना खिडकीशी जाऊ दिलं. आईंनी पदर डोक्यावर घेतला. तेवढ्यात हवाई सुंदरी आली आणि खिडकी बंद करा, लोक झोपलेत, असं हळू आवाजात म्हणाली. भल्लाबाई वाटेतच उभ्या होत्या. “पाँच मिनट, बेटा,” त्या म्हणाल्या. मुलीनं आईंच्या डोक्यावरचा पदर पाहिला आणि ती पडदा सारून निघून गेली.

पुढचं सगळं आईंनी समोरच्या पाटावर केलं. कागदी रुमालावर गणपती म्हणून सुपारी, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या दूर्वा, डबीतले खव्याचे मोदक. निरांजन लावता येत नव्हतं, म्हणून आरती नुसतीच पुटपुटल्या. प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घेऊन चमच्यानं दुसऱ्या पेल्यात सोडलं; तेच अर्घ्य. एक मोदक भल्लाबाईंना दिला, एक मला, आणि मग त्यांनी स्वतः तोंडात घातला. मी आधीच मागवून ठेवलेलं जैन जेवण आलं. भात कोरडा होता, डाळ गोडसर. आईंनी सगळं खाल्लं. थोड्या वेळानं बोटं हलायची थांबली.

पुन्हा आपापल्या जागांवर आलो तेव्हा त्या मागे टेकून बसल्या.

“सुटलं बाई,” त्या म्हणाल्या. “झालं असेल आता त्याचं.”

“काय झालं असेल?”

“ऑपरेशन. सकाळी नऊला नेणार होते ना? ऊन होतं तेव्हा मी सारखा जप करत होते. म्हटलं, आत्ता आत असेल, आत्ता कापत असतील. आता मंगळवारची रात्रसुद्धा झाली. झालं असेल.”

सकाळी पोहोचू, असं मी घरून निघाल्यापासून दहादा सांगितलं होतं. त्यांनी प्रत्येक वेळी बुधवारची सकाळ धरली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर मंगळवारचा सूर्य उगवला होता आणि मावळला होता. मुलगा आत जाताना आपण नसणार, हे त्यांनी सांगलीतच मान्य करून टाकलं होतं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

“आई, ऑपरेशन अजून व्हायचंय.”

“का? पुढं ढकललं?”

“नाही. तिथं अजून मंगळवार उजाडलाच नाही. तिथं आत्ता सोमवारची रात्र आहे.”

“आणि इथं?”

“इथंही आत्ता सोमवारच.”

“कसला सोमवार? सोमवारी तर आपण दिल्लीत होतो. छोले खाल्ले.”

मी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या डब्यातून राजगिऱ्याचा लाडू उचलला.

“ही पृथ्वी.”

“खायच्या वस्तूला बोटं लावत बसू नको.”

“मीच खाईन नंतर. हे बघा, हे दिल्ली. असं पूर्वेकडे जात राहिलं की घड्याळ दर थोड्या अंतरावर पुढे करावं लागतं. पुढे, पुढे करत सगळी फेरी मारून घरी परत आलं, तर घरच्यांपेक्षा आपला एक दिवस जास्त मोजला जातो. घरचे म्हणणार मंगळवार, आपण म्हणणार बुधवार. म्हणून तो जादा दिवस वाटेत कुठंतरी परत करायचा असतो. त्यासाठी समुद्रात एक रेघ ठरवलेली आहे. ती ओलांडली की पुन्हा आदला वार.”

“आणि आपण ती ओलांडली?”

“चंद्र दिसायच्या थोडं आधी.”

आईंनी जरा विचार केला. “म्हणजे सूर्य मंगळवारी मावळला आणि चंद्र सोमवारी उगवला.”

“हो.”

“आणि मंगळवारी धरलेला उपास मी सोमवारी सोडला.”

“वाराच्या हिशेबानं, हो.”

“काय तरी बाई एकेक.” त्यांना हसू येत होतं. मग ते एकदम थांबलं. “म्हणजे तो आत जायच्या आधी आपण पोहोचतो?”

“वारा असाच राहिला तर पोहोचतो.”

“मला दिसेल तो? बोलेल?”

“म्हणून तर हे विमान घेतलं, आई.”

त्यांनी माझा हात धरला. भल्लाबाईंना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मला वाटलं विषय तिथं संपला. मी लाडू खाल्ला. पण आई डोळे मिटून बसल्या होत्या त्या झोपल्या नव्हत्या.

“वसुधा, ती रेघ कुणी ठरवली?”

“माणसांनीच. बऱ्याच देशांनी मिळून.”

“मग वार बदलला तो माणसांचा. चतुर्थी बदलली का?”

“नाही. चतुर्थी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावर ठरते. ती सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी लागते, एकाच वेळी संपते. आपल्या घड्याळानं ती आज सकाळी लागली, उद्या सकाळी उशिरापर्यंत आहे.”

“मग तिकडं उद्या मंगळवार उजाडेल, आणि रात्री चंद्र उगवेल, तेव्हा?”

मी मनात वेळा जुळवल्या. पुन्हा एकदा जुळवल्या.

“तेव्हाही चतुर्थीच असेल.”

“आणि वार मंगळवार.”

“हो.”

“म्हणजे तीही अंगारकी. आणि तो आत असेल तो त्याच दिवशी. मी ज्या दिवशी उपास केला तेव्हा त्याला काही झालंच नव्हतं. तो आपला झोपला होता. आणि आता खरा दिवस येणार तर मी पोटभर जेवून बसलेय.”

त्या सरळ झाल्या. “उद्या मी काही खाणार नाही.”

“आई, ते जमणार नाही. आत्ताच काय झालं होतं ते पाहिलंत.”

“थोडा घाम आला.”

“लागोपाठ दुसऱ्या दिवशी नुसता घाम येणार नाही. तुम्ही तिथं चक्कर येऊन पडलात तर ऋजुतानं कुणाकडे बघायचं? भाऊजींकडे की तुमच्याकडे?”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. अंतराचा आकडा कमी होत होता. आता त्यांना तो बरोबर सापडत होता.

“चाळीस वर्षं धरला,” त्या म्हणाल्या, “आणि नेमका त्या दिवशी नाही.”

ऋजुता कशातलंच काही मानत नव्हती, शिवाय तिला दिवसभर उभं राहायचं होतं. हे सांगलीत होते आणि तिथली चतुर्थी तिथल्या चंद्राबरोबर संपणार होती. मी हे सगळं मनात तपासून पाहिलं. आता आठवलं की नवल वाटतं. मी त्या प्रश्नाकडे प्रश्न म्हणूनच पाहत होते. उरलं कोण, एवढंच.

“मी धरते,” मी म्हणाले.

आईंनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मी एकही उपास केला नव्हता आणि त्यांनी कधी कर म्हटलं नव्हतं. साबुदाण्याची खिचडी मात्र मी आवडीनं खायची, त्यावरून त्या मला फराळी नास्तिक म्हणायच्या.

“तुझा विश्वास नाही.”

“नाही.”

“मग कशाला?”

“मला साखर नाही. मला उपाशी राहता येतं.”

त्या म्हणाल्या, “चहा चालतो.”

“माहीत आहे.”

“फळही चालतं. पण तू केळं खाऊन वर चार वेफर्स खाशील.”

“नाही खाणार.”

“आणि चंद्र बघितल्याशिवाय सोडायचा नाही. गणित मांडून सोडायचा नाही.”

“बरं.”

विमान उतरलं तेव्हा अजून अंधार होता. वाऱ्यानं धुक्यातला बराचसा वेळ भरून दिला होता. पासपोर्टच्या रांगेत भल्लाबाई आमच्या पुढे होत्या. त्यांनी आईंना ओढून आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः मागे गेल्या. बाहेर ऋजुता गाडी घेऊन आली होती. वाटेत उजाडलं, आणि आईंनी त्या वारी दुसऱ्यांदा उगवणाऱ्या सूर्याला गाडीतूनच नमस्कार केला.

श्रीरंगला नेण्यासाठी त्याच्या पलंगाची चाकं सोडत होते तेव्हा आम्ही त्या खोलीत पोहोचलो.

“आई?” तो म्हणाला. तो फार उतरला होता. “तू उद्या सकाळी येणार होतीस ना?”

“कोण म्हणालं?”

“तूच. फोनवर.”

“मला कळलं नव्हतं,” आई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या केसांवरची कागदी टोपी सारखी केली. “काही खाल्लंस का?”

“रात्रीपासून पाणीसुद्धा दिलेलं नाही. कडक उपास आहे.”

“बरं झालं,” आई म्हणाल्या. नर्सला काही कळलं नाही, पण श्रीरंग हसला. मग त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, “वहिनी, लांबच्या रस्त्यानं आलात म्हणे?”

“लवकर पोहोचलो की नाही?”

“पोहोचलात,” तो म्हणाला. पलंग हलला. आई दारापर्यंत त्याचा हात धरून चालत गेल्या.

दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले. झडप बसवली होती. रक्तस्राव अपेक्षेपेक्षा जास्त झाला होता, पण थांबवला होता. आता तो शुद्धीवर कसा येतो ते पाहायचं. संध्याकाळपर्यंत यावा.

संध्याकाळ झाली. तो आला नाही. ऋजुता आत जाऊन यायची आणि मान हलवायची. मी दोनदा कोरा चहा घेतला होता. पोटात आधी भूक होती, मग नुसतीच पोकळी, मग डोकं विचित्र हलकं आणि स्वच्छ. घरून ऋजुतानं वरणभाताचा डबा आणला होता. आईंना मी वेळेवर जेवायला लावलं, गोळी दिली. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

“जेव आता,” डबा मिटताना त्या म्हणाल्या. “दिवसभर झाला. पुरे.”

“चंद्र उगवला नाही.”

“अगं, डॉक्टर म्हणाले ना, बसली झडप.”

“जागा झाला नाही अजून.”

त्यांनी डबा माझ्यासाठी बाजूला ठेवला.

मी बाहेर गेले. हॉस्पिटल टेकडीवर होतं आणि गाड्यांच्या तळाच्या वरच्या मजल्यावरून खाडीपलीकडच्या डोंगरांची ओळ दिसायची. फोनमध्ये पाहून वेळ मला ठाऊक होती. ती वेळ आली आणि गेली. डोंगरांवर ढगांचा पट्टा होता. गणितानं चंद्र त्यामागे उगवलेला होता, याबद्दल मला काडीइतकीही शंका नव्हती. गार वारा सुटला होता. मी गाड्यांच्या मधल्या कठड्याला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळानं पट्ट्याची वरची कड उजळली आणि चंद्र ढगांतून पूर्ण बाहेर आला, पिवळा, कालच्याहून जरासा झिजलेला. मी त्याच्याकडे पाहिलं. हात जोडावेत की नाही ते मला ठरवता आलं नाही, म्हणून जोडले नाहीत.

आत आले तेव्हा प्रतीक्षागृहात आई एकट्याच बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर त्यांनी कागदाची ताटली मांडली होती. भात, त्यावर वरण, डाव्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोड, कडेला उरलेला एक मोदक.

“दिसला?”

“दिसला. ढग होते, म्हणून उशीर झाला.”

“बस. आधी मोदक.”

मी मोदक खाल्ला. मग भाताचा पहिला घास घेतला. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी गिळेपर्यंत थांबल्या.

“त्यानं डोळे उघडले,” त्या म्हणाल्या. “हात दाबला माझा. ऋजुता आत आहे त्याच्यापाशी.”

मी हातातला घास ताटलीत ठेवला. “कधी?”

“तू बाहेर गेल्यावर थोड्या वेळानं.”

“आई, मग मला बोलवायचं नाही का? मी तिथंच तर उभी होते.”

“बोलवणार होते. जिन्यापर्यंत आलेही होते.” त्यांनी ताटलीत आणखी थोडं वरण घातलं. “म्हटलं, नको. तुझा अजून सुटायचा होता.”